आईची गोळी आणि माझं दूध

माझी धाकटी बहीण बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत काम करते. आपल्या शरीरातल्या प्रथिनांचा आकार चुकला की मेंदूत काय बिघडतं, यावर तिचं संशोधन आहे. हे मी इतक्या लोकांना सांगितलंय की अर्थ कळायच्या आधीच पाठ झालं. ऐकून झालं की लोक विचारतात, "अन् तुम्ही?" मी पंचायत समितीत क्लार्क आहे आणि आंजीहून वर्ध्याला रोज एसटीनं ये-जा करते. यावर पुढचा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नाही.

आई माझ्याकडे असते. तिला पार्किन्सनचा आजार आहे. उजवा हात थरथरतो, आणि पाय टाकायचा म्हटलं की पाय आधी विचार करतो. औषधाची गोळी दिवसातून ठरावीक वेळी लागते, आणि ती देण्याचं काम मी कधी दुसऱ्याच्या हाती जाऊ दिलं नाही. आमच्या घरात गोळी नुसत्या पाण्याबरोबर देणं म्हणजे माणसाचा छळ. गोळी गरम पडते, तोंड येतं, पोटात आग होते. म्हणून प्रत्येक गोळीबरोबर मी म्हशीचं ग्लासभर दूध द्यायची, मलईसकट. सकाळी वर एक उकडलेलं अंडं. दुपारी घट्ट वरण. शेजारणी म्हणायच्या, लेक असावी तर अशी. मी "काय त्यात" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी मलई थोडी जास्त घालायची.

तरी आईचं चालणं महिन्यामहिन्यानं कमी होत गेलं. मी म्हणायची, रोगच तसा आहे.

मे महिन्यात बहीण सुट्टीवर आली. आई आदल्या दिवसापासून चांगलं लुगडं काढ म्हणून मागे लागली होती. मी घरात येते तेव्हा आई "गॅस बंद केला का" एवढंच विचारते. बहीण पाठीवरची पिशवी उतरवते न उतरवते तोच विहारातल्या बायका आल्या आणि तिला विचारू लागल्या, मायले झालं काय हे?

घरात तेव्हा सरगुंडे चालले होते. कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळायची, काडी काढून घ्यायची, गुंडाळी वाळवायची आणि मग उकडून आमरसाशी खायची, हा आमचा उन्हाळा. बहिणीनं एक ओला सरगुंडा हातात घेतला. म्हणाली, आपल्या अंगातली प्रथिनं अशीच लांब दोऱ्यासारखी बनतात आणि नीट वळली तरच कामाची. एखादं चुकीचं वळलं की ते शेजारच्याला चिकटतं, त्यालाही बिघडवतं. मेंदूत अशा गुठळ्या साचतात, आणि हातपाय हलवायचा निरोप देणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. बोलता बोलता तिनं दोन-तीन सरगुंडे एकमेकांत दाबून त्यांचा गोळा करून दाखवला.

"पाह्य ना व, किती सोपं करून सांगते पोरगी," एक काकू म्हणाल्या.

याच काकूंना मी काही वर्षं "नसांचा आजार आहे" असं सांगत होते, आणि त्या "असं का" म्हणून उठून जायच्या. शिवाय सरगुंडा वळायला तिला शिकवलं कोणी? तो मुद्दा कोणी काढला नाही. दाबून वाया घालवलेले सरगुंडेही मीच वळले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला गोळी आणि दूध देत होते. बहीण दारात उभी राहून बघत होती.

"ताई, रोज असंच देतेस?"

"रोज," मी म्हणाले. "एकही दिवस चुकला नाही."

ती आत आली. मग खाली बसून हळू आवाजात समजावू लागली. दुधात, अंड्यात, वरणात प्रथिन असतं. त्यालाही आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरायचं असतं, आणि या गोळीतल्या औषधालाही. दार मात्र दोघांना एकच. लग्नात पहिल्या पंगतीला होते तशी रेटारेटी होते, आणि बारका माणूस मांडवाबाहेर राहतो. आईची गोळी रोज मांडवाबाहेर राहत होती. मी म्हणाले, तुझ्या नळीत होत असेल तसं, आईच्या पोटात नाही. तिनं वाद घातला नाही. आमच्या डॉक्टरांना फोन लावला आणि मला ऐकू येईल असा मोठा केला. डॉक्टर शांतपणे म्हणाले की हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, जेवणाआधी, पाण्याबरोबर. आणि मी मान डोलावली होती. डोलावली असणार. डॉक्टरांसमोर मी दुसरं काही करतच नाही.

मग डॉक्टरांना विचारून गोळी जेवणाच्या बरीच आधी आणली, दूध मागे ढकललं, अंडं रात्रीवर नेलं. आणि त्याच आठवड्यात एका सकाळी आई खाटेवरून उठली आणि विहाराकडे चालायला लागली. मी काठी घेऊन मागे धावले. आईनं ती घेतलीच नाही. गल्लीतल्या बायका ओट्यावर आल्या. "लहानी आली अन् माय चालाले लागली," असं एक जण दुसरीला सांगत होती. काठी माझ्याच हातात राहिल्यामुळे समोरून येणाऱ्या एका गृहस्थांनी मलाच विचारलं, काय झालं पायाला?

आनंद झाला हो मला. पण तो गळ्याखाली उतरेना. दुपारी मी आमच्या ह्यांना म्हणाले, इतकी वर्षं मी केलं, हिनं येऊन फक्त गोळी सरकवली. हे आंबा पिळत होते. म्हणाले, "सरकवाले कुठं कोणी नाई म्हनलं होतं तुले?" त्या दिवशी त्यांना रस दुसऱ्यांदा मिळाला नाही.

गोळी लागू पडली की आईचा हात दोन-तीन तास शांत असायचा. त्या वेळात ती काय करायची? सरगुंडे वळायची. बहिणीला बंगळूरला न्यायला. मी विचारलं, मले नाई का? तर म्हणाली, "तू त इथंच हायस." बरोबरच होतं. मी इथंच होते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बहिणीनं आईला विचारलं, माझ्याकडे येतेस का राहायला? तिथं मेंदूचे मोठे डॉक्टर आहेत, व्यायाम शिकवणारे आहेत, नवीन औषधं आली तर आधी तिथं कळतील. मी आत भाजी ढवळत होते. ढवळणं थांबवलं. तिचं म्हणणं खरं होतं, हे मला कळत होतं. आई बरी व्हावी असं मलाही वाटत होतं. पण माझ्या घरात.

आईनं विचारलं, "दिवसभर तू कुठं राह्यशीन?"

"लॅबमध्ये. रविवारीसुद्धा नळ्या बघायला जावं लागतं. पण मी चांगली शिकलेली बाई ठेवीन ना तुझ्यासाठी."

"म्हंजे नळीतल्या गुठळ्याईपाशी तू," आई म्हणाली, "अन् मायेपाशी बाई."

मी उलथनं हातात घेऊनच बाहेर आले. आईनं माझ्याकडे पाहिलं.

"तू काऊन हासून राह्यली? तू बी त ऑफिसातच असतं. मी कोनापायी नाई राह्यत. इथं विहार हाय, माह्या मैतरनी हायत. मी इथंच बरी."

म्हणजे मी जिंकले, पण जिंकण्यात माझं नाव कुठं आलं नाही. भाजी तेवढी करपली.

सकाळी बहिणीला सोडायला मी फाट्यावर गेले. सरगुंड्यांचा डबा तिनं मांडीवर धरला होता, पिशवीत ठेवला तर चुरा होईल म्हणून. मनात होतं ते विचारलं. तुझं औषध आईपर्यंत कधी येईल?

ती म्हणाली, "आईसाठी नाही होणार, ताई. आत्ता जे आहे ते हात शांत ठेवतं, रोग थांबवत नाही. गुठळ्याच होऊ न देणारं काही सापडतंय का, ते आम्ही शोधतोय. सापडलं, माणसांवर तपासून झालं, तर..." तिनं डबा नीट धरला. "झालंच तर आपल्या दोघींच्या कामी येईल."

मला वाटायचं ही सगळ्या जगासाठी काम करते, आणि जग म्हणजे आम्ही सोडून बाकीचे. मी माझा हात बघितला. मग तिचा. दोन्ही शांत होते. तीही तेच बघत होती.

"मग पहिली गोळी मले," मी म्हणाले. "मी मोठी हाओ."

"घेजो," ती म्हणाली. "पन तुले लागूच नये."

माझ्या डोळ्यात पाणी यायला लागलं होतं, तेवढ्यात बस आली. मी तिची पिशवी वर दिली. गाडी गच्च भरलेली होती, तरी कोणीतरी उठलं आणि तिला खिडकीची जागा मिळाली. मी रोज त्याच गाडीनं जाते. मला अजून एकदाही मिळालेली नाही.