महिन्यातून एकदा, बुडापासून

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत दोन इमारतींच्या मध्ये लॉन होतं. त्यातलं अर्धं अजून आहे, अर्ध्यावर गाड्या उभ्या असतात. हे माझ्यामुळे झालं असं सोसायटीत बोललं जातं. त्यात माझा वाटा किती, तेवढं लिहून ठेवतो.

मरोळला मी शून्यातून लेथचा कारखाना उभा केला. कोणाचा पहिला भाव कधी मान्य केला नाही. त्यामुळे बागेचं काम कमिटीनं माझ्या गळ्यात घातलं. सेक्रेटरीला लॉन काढून तिथे पेव्हर ब्लॉक आणि पार्किंग हवं होतं. लॉनचा खर्च फार, एवढाच त्याचा मुद्दा. खर्च खाली आणला की लॉन वाचेल, असं मी धरून चाललो.

लॉन कापायला कांजूरमार्गहून एक बाई यायची. मशीन तिचं स्वतःचं. पावसाळाभर ती दर आठवड्याला आली, आणि कापून झाल्यावरही गवत तीन बोटं उरायचं. हे मला पहिल्यापासून खटकत होतं. लहानपणी वडील आम्हा भावांना न्हाव्यासमोर बसवून सांगत, "एकदम बारीक कर, दोन महिने यायला नको." पैसे वाचत आणि केस परत येत. ऑक्टोबरात पाऊस थांबल्यावर मी बाईला तेच सांगितलं.

"महिन्यातून एकदा ये. केस कापतात तसं बुडापासून काप."

"ते डोकं नाही काका. गवत पानावर जगतं. वरचा तिसरा हिस्सा काढायचा, दोन हिस्से ठेवायचे. म्हणून सारखं यावं लागतं."

"म्हणजे तुझ्या फेऱ्या वाढतात."

"थंडीत मीच म्हणते ना, पंधरा दिवसांनी येते म्हणून? तेव्हा बरं काही बोलत नाही तुम्ही."

"ते राहू दे. तीन बोटं नको, एक ठेव."

"दोन ठेवते."

"एक."

"बोंबील घ्यायला आलाय काय?"

माझं डोकं फिरलं. दुसरा माणूस बघतो म्हणालो. तिनं मशीनचं पातं खाली घेतलं आणि सांगितलं तसं कापलं. त्या महिन्याच्या मीटिंगमध्ये खर्च खाली आणला म्हणून सेक्रेटरीनं सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. हे त्याला पुढे आठवलं नाही.

वरचा हिरवा थर गेल्यावर खाली नुसत्या पिवळ्या काड्या होत्या. येईल परत, असं मी म्हणत राहिलो. ऊन थेट मातीवर पडू लागलं, माती कडक झाली. मोकळ्या जागेत लव्हाळा उगवला. जे गवत जगलं ते झुपक्यांनी वाढलं. पुढच्या खेपेला बाई म्हणाली, "आज पुन्हा बुडापासून नको, मरेल. दोन-तीन फेऱ्यांत हळूहळू खाली आणू."

ती फेऱ्या मागतेय असं मला वाटलं. "ठरलं ते ठरलं," मी म्हणालो. पंधरा दिवसांत लॉनमध्ये हिरवा उरला तो फक्त लव्हाळा.

सेक्रेटरीनं खास सभा बोलावली. लॉनचे फोटो दाखवून त्यानं मला विचारलं, "कापणारी चुकली की सांगणारा?"

बाईचं नाव घेतलं असतं तर माळी बदलण्यावर विषय मिटला असता आणि लॉन राहिलं असतं. हे मला तिथे बसल्या बसल्या कळत होतं. पण तिनं दोनदा सांगितलं होतं आणि मी दोन्ही वेळा तिला गप्प केलं होतं.

"सांगणारा," मी म्हणालो. "पण तेव्हा माझी पाठ कोणी थोपटली?"

मागून कोणीतरी म्हणालं, "काका, आता पाठ सोडा, गवताचं बोला." हशा पिकला. मी उभा राहून तोंडाला येईल ते बोललो. आवाज चढवला नसता तर आणखी काही हात माझ्या बाजूनं वर झाले असते, हेही खरं. सगळ्या लॉनवर पेव्हर ब्लॉक बसवायचं जवळपास ठरलंच. मग मी खाली बसलो आणि जे मला येतं ते केलं. पेव्हरमधून जिन्याकडची बाजू वगळा म्हणालो, मुलांच्या घसरगुंडीचं कारण दिलं, ड्रेनेजचं दिलं. तासाभरात अर्ध्यावर आणलं.

उरलेल्या अर्ध्याची जबाबदारी आता दुसऱ्या सभासदाकडे आहे. बाई तीच आहे. तिची पद्धतही तीच आहे आणि गवत बरं आहे. सभेच्या इतिवृत्तात मात्र एवढंच लिहिलंय, की बागेची जबाबदारी असलेल्या सभासदाच्या चुकीमुळे लॉन खराब झालं, सबब अर्ध्या जागेत पार्किंग करण्यात यावं. चूक लिहिली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. उरलेलं अर्धं कोणी वाचवलं, ते कुठेच नाही. मी दुरुस्तीसाठी दोन पत्रं दिली आहेत. दोन्हींची पोच घेतलेली आहे.