काकांना विचारून भरलेला फॉर्म

पनवेलपासून उरणपर्यंत माणसाला नावाऐवजी मार्कांनी ओळखणारा एकच गृहस्थ सापडेल, आणि तो आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहतो. सगळे त्यांना खालचे काका म्हणतात. मूळचे गव्हाणचे, घरची मिठागरं गेली तसे इकडे आले. स्वतः दहावी नापास, तेही दोनदा आणि गणितात, हे ते न विचारता सांगतात. पण इंजिनिअरिंग कॉलेजांचे पाच वर्षांचे कटऑफ त्यांना तोंडपाठ. लग्नाला गेले तर अक्षता टाकण्याआधी नवरदेवाची बारावी विचारतात. कोळीण जिताड्याचा भाव सांगते, हे तिच्या पोराची सीईटी काढतात. एकदा डॉक्टरांनी थर्मामीटर बघून अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा म्हटलं, तर काका उठून बसले, "मंग कुठंबी ॲडमिशन हाय की!"

निकाल लागला की त्यांच्या दारात पालकांच्या चपलांचा ढीग पडायचा. पर्सेंटाइल म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं सोपं करून मला कुणी सांगितलेलं नाही. "टक्के म्हंजे आपल्या आगरात किती मीठ पिकलं. पर्सेंटाइल म्हंजे शंभरातले किती आगरवाले आपल्या मागं हायत. मीठ कमी पिकलं तरी चालतंय, बाकीच्यांचं त्याहून कमी पायजे!"

माझ्या मुलीला एक्याण्णव पॉइंट सदतीस होते. कॉलेजांची यादी मी स्वतः केली, कारण माझी सगळी नोकरी आकडेमोडीत गेली आहे. मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त ते कॉलेज पहिलं, मग उतरत्या क्रमाने बाकीची. फॉर्म भरण्याआधी केवळ उपचार म्हणून काकांना दाखवली.

"भाऊ, ही उलटी हाय. पोरीला आवडतं ते वर टाका, खात्रीचं खाली."

"काका, तिच्या आवडीचं पहिल्या फेरीत मिळत नाही. मी आकडे पाहिलेत."

"पयल्या फेरीत नाय, दुसरीत मिलंल. पन यादीतलं पयलंच कॉलेज लागलं की जागा पक्की, पुढच्या फेऱ्या बंद. नियम हाय."

दहावी नापास माणूस मला नियम सांगतोय, असं माझ्या मनात आलं. यादी मी तशीच भरली. पहिल्या फेरीत पहिलं कॉलेज लागलं आणि दार बंद झालं. दुसऱ्या फेरीत तिच्या आवडीचं कॉलेज एक्याण्णव पॉइंट शून्य दोनला थांबलं. पस्तीस शतांश हातात असताना मुलगी बाहेर राहिली. दोन दिवस ती जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी जिन्यात सेक्रेटरींनी विचारलं, "असं कसं झालं हो?" मुलगी शेजारीच उभी होती. मी म्हणालो, "काकांना विचारूनच भरला होता फॉर्म." वाक्यात खोटं काही नव्हतं. विचारलं होतं. ऐकलं नव्हतं, तेवढं मी गाळलं.

आठवड्यात ते इमारतभर झालं. माझ्यादेखत कुणीतरी काकांना टोकलं, "काय काका, पोरीचा फॉर्म बिघडवलात म्हणे!" काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "चुकली यादी," एवढंच म्हणाले. नंतर मी त्यांना एकटं गाठून माफी मागायला लागलो, तर मला थांबवून म्हणाले, "पोर चार वर्सं तुमच्या घरात ऱ्हानार. तिचा राग माझ्यावर असलेला बरा. मी खाली ऱ्हातो."

यंदा निकाल लागला तेव्हा त्यांच्या दारात चपला नव्हत्या. मी घरोघर जाऊन खरं सांगायला सुरुवात केली. इमारतीत चोवीस घरं. काकांचं सोडून तेवीस. आजवर बावीस झाली. काल दोन पालक पुन्हा त्यांच्याकडे बसलेले दिसले आणि काकांचा आवाज वर ऐकू आला.

मुलगी गॅलरीतून वाकून पाहत होती. माझ्याकडे वळून म्हणाली, "बरं झालं ना बाबा, लोक परत यायला लागले. माझ्या वेळी चुकले बिचारे, पण माणूस चांगला आहे. मी तर कधीच माफ केलंय त्यांना."

मी हो म्हणालो.