क्लाइम्ब की क्लाइम्बिंग

फारुख शेख जळगावच्या एका गोदामात कारकून होते. त्यांच्या इंग्रजीचा तिथे दबदबा होता. गोदामात चोरी झाली, तेव्हा झाडलोट करणाऱ्या ताईबाईंनी हमाल कुंदनला मागच्या भिंतीवर चढताना पाहिल्याचं सांगितलं. चेन्नईच्या हेड ऑफिसला पाठवायच्या ताईबाईंच्या जबाबात फारुखभाईंनी इंग्रजीत लिहिलं, 'आय सॉ हिम क्लाइम्ब द वॉल.' कुंदनची नोकरी गेली.

महिन्याभरानं त्यांची मुलगी नाजमीन व्याकरणाचा धडा मोठ्यानं वाचत होती. 'सॉ' नंतर 'क्लाइम्ब' आलं तर शेवटपर्यंत चढलेला पाहिला. 'क्लाइम्बिंग' आलं तर नुसता चढताना दिसला. फारुखभाईंना तो जबाब आठवला. सकाळी त्यांनी ताईबाईंना गाठलं.

"कुंदन पार वर गेला होता का?"

"नही भाऊ, अर्धामाईनच उतरी ग्या तो. माले कोनी इचारंच नही."

कुंदननं भिंत ओलांडलीच नव्हती, असं त्यांनी आपली चूक कबूल करून हेड ऑफिसला लिहिलं. पुन्हा चौकशी होऊन कुंदन कामावर परतला. फारुखभाई माफी मागायला गेले, तर तोच संकोचून म्हणाला, "भाऊ, तुम्ही इंग्रजीत लिहिलंय म्हणजे बरोबरच असेल, म्हणून मी बोललोच नाही."