दिवे धुणारे आमचे घरमालक

जगातला कुठलाही बिघाड जिभेने ओळखता येतो, असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे तळवलीतले आमचे घरमालक. निम्मं आयुष्य त्यांनी मिठागरात काढलं होतं. पुढे जमिनी शहरासाठी गेल्या, शेताच्या जागी चाळ उभी राहिली आणि माझ्यासारखे बँकेतले कारकून भाडेकरू म्हणून आले. पण जे काही बिघडतं ते खारानेच, हा त्यांचा सिद्धांत काही ढळला नाही. नळ गळायला लागला की ते आधी नळ चाटत. माझ्या स्कूटरचा प्लग त्यांनी चाटला. आमच्या दारावरच्या घंटीच्या तारांना जीभ लावली, झटका बसला, तेव्हा दोन पावलं मागे सरून अगदी समाधानाने म्हणाले, "करंट हाय. खार नाय." माझ्या बायकोची आमटी मात्र ते न चाटता नुसत्या वासावर नापास करत.

त्यांच्याकडे एक परदेशी गाडी होती. न्हावा शेव्याच्या बंदरातल्या कुणा साहेबाने बदली झाल्यावर विकलेली. तिच्या पुढच्या दिव्यांखाली दोन छोट्या चोची होत्या. बटण दाबलं की त्यांतून पाणी उडायचं आणि दिव्यांच्या काचा धुतल्या जायच्या. संध्याकाळी पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी दिवे लावून, धुवून दाखवायची पद्धत होती. एके दिवशी भर दुपारी बटण दाबलं तर त्या चोची मुक्या झालेल्या आणि मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला कारणही तसंच होतं. त्यांची थोरली बहीण जासईला अंथरुणाला खिळलेली होती. आठवडाभर शेजारणी तिचं बघत, पण रविवारी संध्याकाळचा घास तिला भावाच्याच हातचा लागे. परत यायला अंधार होई, उरणच्या रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर चिखल उडवत, आणि हल्ली दोनदा गाडी रस्ता सोडून खाली गेली होती. काकी, म्हणजे मालकीणबाई, घाबरून गेल्या. "दिवं नीट झाल्याबिगर रातची गाडी काडायची नाय," त्यांनी बजावलं. मालकांचं म्हणणंही तेच होतं, की दोष दिव्यांचा. काचा मळल्यात, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं, पाणी उडायला लागलं की सगळं ठीक होईल.

मग दुरुस्ती सुरू झाली. मेकॅनिकला त्यांनी अंगणात पाऊल टाकू दिलं नाही. टाकीतलं पाणी चाखलं, ते अर्थातच खारं निघालं, कारण ते आमच्याच बोअरिंगचं होतं. टाकी धुतली, काकींच्या शिवणाच्या सुईने चोचींची भोकं मोकळी केली, रबरी नळी तोंडाने ओढली, सायकलच्या पंपाने फुंकली. तरी बटण दाबलं की सगळं ढिम्म. फ्यूज शाबूत होता. गाडीबरोबर आलेलं पुस्तक आम्हा दोघांना वाचता न येणाऱ्या भाषेत होतं. भर उन्हात रोज तेच उघडायचं, तेच चाटायचं, तेच परत बसवायचं. तिकडे रविवार जात होते आणि बहीण जेवत नाही असे निरोप येत होते. ते आले की मालक नुसते बॉनेटखाली मान घालून उभे राहत.

एका संध्याकाळी गावची लाईट गेली. इंजिनात काही दिसेना म्हणून मालकांनी गाडीचे दिवे लावले, सवयीने बटणही दाबलं, आणि दोन्ही चोचींतून असं पाणी उडालं की समोर उभे असलेले काकी आणि मी चिंब झालो. दिवे चालू असले तरच ते यंत्र चालायचं, आणि आम्ही इतके दिवस उन्हात त्याची परीक्षा घेत बसलो होतो! काकी पोटभर हसल्या. समोरची चुन्याची भिंत उजेडाने लख्ख झाली होती, मला तर डोळे मिटावे लागले.

मालक पुढे येऊन दिव्यांसमोर उभे राहिले. बराच वेळ बघत राहिले. "अजून मळलेलंच हायत," ते म्हणाले. "कडं हाय तसंच हाय."

काकींनी पदराने काच पुसली. पदर स्वच्छच राहिला. त्यांनी तो मला दाखवला, मालकांना नाही. मला तेव्हा जे वाईट वाटलं ते आजही तसंच वाटतं.

ठाण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत यायची नव्हती, राहिलेली किती टिकेल ते सांगता येत नव्हतं. माझ्याकडे लायसन्स होतं, गाडी नव्हती. तेव्हा पुढचे रविवार मीच चालवायचं ठरलं. मालक शेजारी बसत. ट्रेलर दिसला की, आणि पुढे पुढे नुसता ऐकू आला की, म्हणत, "सायेब, पानी मारा." मी दिवे लावून पाणी मारी. सुरुवातीला प्रत्येक वळण ते मला आधीच सांगत, खड्डेसुद्धा. हळूहळू सांगणं कमी झालं. मग एका रविवारी, बहिणीच्या लग्नापासून ज्या दारात ते येत होते त्याच दारासमोर मी गाडी थांबवली, तरी ते उतरेनात. डबा मांडीवर घट्ट धरून बसून होते.

"जासई आली काय?" त्यांनी हळूच विचारलं.

"आली, मालक," मी म्हणालो, आणि खाली उतरून त्यांच्या बाजूचं दार उघडलं.