आत्याच्या घराची कडी

दार लावावं तर माझ्या आत्याने. अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात तिच्याइतकी पक्की कडी घालणारी बाई दुसरी सापडायची नाही, आणि तिच्या घराला तर एकही दार नव्हतं. बाभुळगावच्या त्या घरात राहून मी कॉलेज केलं. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला पहिला मीच, आणि ते आत्याच्या भाकरीवर. म्हणून तिच्याबद्दल लिहीन ते प्रेमानेच. पण जे पाहिलं तेच लिहीन.

झालं असं, की आत्याची आणि तिच्या यजमानांची, म्हणजे आमच्या मामाजींची, फारकत झाली. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे प्रश्न उरला तो घराचा. दोन्हीकडची मोठी माणसं बसली आणि ठरलं की आत्या राहील तोवर घर तिचं. ती घर सोडून भावाकडे निघून गेली की मामाजींचं. मामाजींनी मान डोलावली आणि एवढंच म्हटलं, "पण सागाचं लाकूड माह्यं हाय." ते खरंही होतं. दुसऱ्या दिवशी ते सुताराला घेऊन आले आणि चौकटी तेवढ्या ठेवून पुढचं दार, मागचं दार, खिडक्यांच्या झडपा, सगळं बैलगाडीत घालून घेऊन गेले. जाताना गल्लीला ऐकू जाईल असं बोलले, "पाह्यजा, दिवाळीच्या आत पळते." आत्या पळाली नाही. संध्याकाळ झाली तशी ती उंबरठ्याशी आली, रिकाम्या चौकटीतून हात बाहेर काढून हवा आत ओढून घेतली, टाचा उंचावून कडी घातली आणि भाकरी थापायला बसली. माझे बाबा धावत तरटाचा पडदा घेऊन आले, तर म्हणते कशी, "दार असताना पडदा कायले, दादा?" बाबांना वाटलं, बहीण हातची गेली. पण बाकी सगळं जागेवर होतं. शाळेत ती मुलांची खिचडी शिजवायची, त्यात मीठ कधी कमी पडलं नाही की जास्त झालं नाही.

सरळ आत शिरणारा माणूस तिला खपत नसे. "काहून रे, दार वाजवता येत नाही?" मग मीही कॉलेजातून आलो की बोटं मुडपून हवेत ठोकायचो. ती समोरच चुलीपाशी बसलेली, मला नीट बघत असलेली, आणि तरी विचारायची, "कोण हाय?" एकदा घाईत मी तसाच आत गेलो आणि कपाळाला सणसणीत काहीतरी लागलं. चौकट असेल, मी उंच आहे. आत्याने हळद दाबली आणि म्हणाली, "उघडेपर्यंत थांबा लागते ना बाप्पा!" गल्लीतली कुत्री ओट्यावर येत, उंबरठ्यावरच्या मोकळ्या जागेत नाक लावून हुंगत आणि तिथेच बसून राहत. वाऱ्याने आलेला पाचोळा उंबरठ्याबाहेर साचायचा. आत एक पान नसे. आत्या झाडते म्हणून, असं मी स्वतःला समजावायचो. शेवटी मी भौतिकशास्त्राचा विद्यार्थी होतो.

ते कापसाचे वाईट दिवस होते. भाव पडलेला, तो चढेल या आशेवर लोक वेचलेला कापूस घरातच भरून ठेवायचे, आणि कुलपं तोडून तो चोरीला जायचा. शेजारी मोटारसायकली दुरुस्त करणारे चाचा राहायचे, त्यांचं थोडं शेतही होतं. एका दुपारी ते कापसाची गाडी घेऊन आत्याच्या ओट्यापुढे उभे. "बाई, मेरा कपास तुमच्या घरात राहू द्या. मोहल्ल्यात तुमचंच दार पक्कं हाय." मला हसू आलं. चाचा हसले नाहीत. मधली खोली आढ्यापर्यंत पांढरी झाली. कापूस आवाज गिळून टाकतो; त्या दिवसांत घरात ताट पडलं तरी पलीकडे कळत नसे. संध्याकाळी कडी मात्र ऐकू यायची. लोखंडावर लोखंड. मी ती ऐकली आहे, आणि भौतिकशास्त्रात मला पहिला वर्ग मिळालेला आहे.

दिवाळी गेली, होळी गेली. मग भर उन्हात एक दिवस मामाजी आले. बाई येडी झाली, तिला घेऊन जा, घर मोकळं करा, असं बाबांना बजावूनच ते आले होते. मी आत पुस्तक घेऊन बसलो होतो. मामाजी तरातरा ओटा चढले, उंबरठ्यावर पाय उचलला आणि तो तसाच मागे घेतला. मग त्यांचा हात हळूच वर गेला आणि त्यांनी हवेत ठोकलं.

"कोण हाय?"

"मी."

"ओट्यावर बसा. चहा आणते."

ते पाय पसरून बसले. ते दार बाहेर उघडायचं. त्यांनीच हौसेने तसं बसवून घेतलं होतं. आत्या कप घेऊन चौकटीशी आली, तसे मामाजींनी घाईघाईने पाय आखडून घेतले. चहा संपवून त्यांनी कप खाली ठेवला.

"राह्यतं मंग इथंच?" त्यांनी विचारलं.

"हो. घर हाय माह्यं."

"बरं," मामाजी म्हणाले आणि निघून गेले. घराचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. बाजाराच्या दिवशी मात्र येत, ओट्यावर चहा पीत, आणि आपल्या वाटेने जात.

मागच्या वर्षी आत्या गेली. सगळं उरकून परतलो तर मामाजी ओट्यावर बसलेले, फार म्हातारे दिसत होते. ठरल्याप्रमाणे घर आता त्यांचं होतं. मी म्हटलं, "मामाजी, ऊन लागून राह्यलं, आत चला." त्यांनी चौकटीकडे पाहिलं.

"तिनं आत बोलावलंच नाही ना कधी," ते म्हणाले, आणि उन्हातच बसून राहिले.