पोराला आणायला बेटांवर

माझा मुलगा अंदमानात बोटीवर कामाला आहे. बोट म्हणजे मोठं जहाज नव्हे, वीस-बावीस पाहुणे मावतील एवढीच. पाहुण्यांना घेऊन ती अशा बेटांवर जाते जिथं धक्का नाही, हॉटेल नाही, कुठं कुठं तर माणूसच नाही. बोट लांब खोल पाण्यात उभी राहते आणि रबराच्या होडीतून माणसांना वाळूवर नेऊन सोडतात. ती होडी माझा मुलगा चालवतो. हे मला तिथं गेल्यावर कळलं. त्याआधी कुणी विचारलं तर मी ‘तिकडं असतो’ एवढंच म्हणायचो आणि विषय बदलायचो.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. राहायला कोपरखैरण्याला, माथाडींच्या घरांत. उभी हयात मी मार्केटला कांद्या-बटाट्याच्या गोण्या वाहिल्या. लोक हमाल म्हणतात, म्हणू देत. माथाडींच्या टोळीतली कायम जागा काय चीज असते ते बाहेरच्याला कळत नाही. त्या जागेवर आम्हाला घर मिळालं, मुलीचं लग्न झालं, बायकोचं ऑपरेशन झालं. मी घरी बसल्यावर ती जागा मुलाची, हा आमच्यातला रिवाज. मुलगा येईपर्यंत बदली गडी ओझी उचलतो. पण बदली तो बदलीच. आज आहे, उद्या नाही.

मुलानं महिनाभर काम केलं. मग एका दुपारी गोणी ओढायचा हूक माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाला, “आबा, मला जमायचं न्हाई.”

जमत होतं. अंगानं तगडा पोरगा. मनात नव्हतं. मी म्हणालो, “मग ह्या घरातलं जेवान पन जमायचं न्हाई.” तो ताटावरून उठला आणि गेला. मी बोललो ते बोललो. त्यानंतरची सगळी वर्षं तो फक्त आईला फोन करायचा. मी घरात असलो की ती गॅलरीत जाऊन बोलायची.

गेल्या दिवाळीनंतर टोळीचा मुकादम घरी आला. चहा घेतला आणि म्हणाला, “तात्या, आता लांबवू नका. पोरगा येतो का न्हाई ते ठरवा. न्हाईतर पाटनचा तो बदलीवाला हाय, त्याला कायम करू. त्याला बी लेकरंबाळं हायत.”

त्याच सुमारास बोटीवरून मुलाचा निरोप आला. एखादी खोली रिकामी जात असली की कामगाराच्या आईबापाला एकदा फिरवून आणतात म्हणे. बायकोनं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतली. मी तिला सांगितलं, “मी फिरायला येत न्हाई. पोराला आनायला येतोय.”

“ते तिकडं त्याला सांगा,” ती म्हणाली. “मला कशाला सांगताय? मला चटणी कुटू द्या.”

अंदमानच्या धक्क्यावर मुलगा उभा होता. पांढरा सदरा, काळवंडलेलं तोंड, केस उन्हानं तांबूस झालेले. आईच्या पाया पडला, माझ्याही पडला. मग त्यानं माझ्या हातातल्या पिशवीला हात घातला. मी सोडली नाही.

“इथं पाहुन्यानं सामान उचलायचं नसतं, आबा.”

“मी पाहुना न्हाई.”

“मग कोन हाय?”

मी पिशवी घेऊन तरातरा पुढं गेलो आणि इंजिनाच्या खोलीत पोचलो. तिथनं मला परत वर आणावं लागलं.

पहिले दोन दिवस मी आडवा होतो. पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. खोली कसली, भिंतीतली फळी. गोल खिडकीतून कधी आभाळ दिसायचं, कधी नुसतं पाणी. मुलगा आलं-लिंबू घालून पाणी आणून द्यायचा. मी म्हणायचो, तुमच्या बोटीवरचं जेवण बाधलं. तो ‘असंल’ म्हणायचा आणि बादली उचलून न्यायचा. मी जेवलेलोच नव्हतो. ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

बायकोला मात्र काही झालं नाही. जिनं इतक्या वर्षांत वाशीच्या खाडीपुलावरून खाली बघितलं नाही ती कठड्याला धरून उभी राहायची आणि मला येऊन सांगायची, “अवं, पानी बघा की. तळ दिसतोय.” तिसऱ्या दिवशी मी वर आलो. खरंच तळ दिसत होता. एवढ्या खोल पाण्यातली वाळू, तिच्यावर आमच्या बोटीची सावली, सावलीतून फिरणारे मासे. समोर बेट. झाडी इतकी दाट की पाण्यापर्यंत आलेली, काही झाडं तर आडवी होऊन पाण्यात पडलेली. माणसाचा एक आवाज नाही. मला ते बघून बरं वाटलं नाही. इथं माझा मुलगा राहतो, आणि इथं त्याला कुणी ओळखत नाही, असंच मनात येत राहिलं.

पाहुण्यांत पुण्याच्या एक निवृत्त बाई होत्या. जेवताना त्या माझ्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “तुमचा मुलगा किती छान समजावतो हो. मला पाण्याची एवढी भीती, पण त्यानं हात धरला आणि उतरलेच मी.”

मी म्हणालो, “आता तो घरी येनार हाय. जागा तयार हाय त्याची.”

मुलगा मागंच भाताचं भांडं घेऊन उभा होता. मी त्याला अजून विचारलं नव्हतं. त्यानं ऐकलं, बाईंच्या ताटात भात वाढला, माझ्या ताटात वाढला आणि पुढं गेला.

दुसऱ्या दिवशी एका बेटावर सगळ्यांचं दुपारचं जेवण होतं. जेवणाचा आणि बर्फाचा मोठा पेटारा आमच्या होडीत होता. आम्ही सहा-सात जण, मुलगा मागं इंजिनाशी. बसल्या बसल्या किनारा जवळ येत होता आणि माझी पाठ शिवशिवत होती. मार्केटची सवय तुम्हाला सांगतो. ट्रक गाळ्याला मागं येत असतो, अजून थांबलेला नसतो, मागचा फाळका पडायचा असतो, तेवढ्यात हौद्यातला गडी गोणी पाठीवर घेऊन तयार असतो. ट्रक थांबल्यावर जो उठतो त्याला टोळीत कुणी विचारत नाही. मी तसाच उठलो. पेटारा धरला, गुडघा दिला, पाठीवर घेतला आणि होडीच्या कडेला उभा राहिलो. कितीतरी वर्षांनी पाठीवर वजन आलं आणि मला ताठ वाटलं.

“आबा, बसा!” मागून आवाज आला.

ट्रक तुमच्या वजनानं कलत नाही. होडी कलली. माझ्याच बाजूला बायको बसली होती. मागून एक लाट आली आणि ती चप्पल-पदरासकट पाण्यात गेली. मी पेटाऱ्यासकट होडीतच पडलो. इंजिन बंद झालं. मुलगा कधी उडी मारून गेला ते मला दिसलंच नाही. पाणी छातीएवढंच होतं, पण तिला ते कुठं ठाऊक? ती पाण्याखाली हातपाय मारत होती आणि होडी तिच्या अंगावर सरकत होती. मुलानं एका हातानं होडी लोटून धरली, दुसऱ्या हातानं आईला वर काढलं आणि खांद्यावर घेऊन वाळूवर नेलं.

मग तो परत आला. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून, सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडला, “बसा म्हनलं ना! मागं इंजिनाचा पंखा फिरत होता, दिसला न्हाई? जन्मात कुनाचं ऐकायचंच न्हाई का तुमी?”

माझ्यावर मुकादम कधी ओरडला नव्हता. शेठ ओरडला नव्हता. मी तसाच पेटारा परत पाठीवर घेतला आणि वाळूपर्यंत नेऊन ठेवला. कुणी अडवलं नाही.

बायको टॉवेल गुंडाळून झाडाखाली बसली होती, खोकत होती. पाहुणे शहाणे, ते लांब जाऊन बसले. मुलगा आईच्या पायाशी बसला. मी उभाच.

“तुमी मला न्यायला आलाय ना?” तो म्हणाला.

“हो.”

“मी येनार न्हाई.”

“जागा जाईल.”

“जाऊ द्या.”

“तुला काय कळतंय त्या जागेचं? त्याच जागेवर तू वाढलास.”

“कळतंय. तुमची मान वळत न्हाई, रिक्षावाल्यानं हाक मारली तर तुमी अख्खं अंग फिरवता, ते बी कळतंय.”

“मान माझी हाय.”

“मग तुमच्यापाशीच राहू द्या. मला नको.”

“अवं, मी आत्ता बुडता बुडता राहिले,” बायको म्हणाली. “जरा गप बसा की दोघं.” मग तिनंच त्याला विचारलं, “तुला ह्या पान्याचं भ्या वाटत न्हाई का रं?”

“वाटतं की.”

“मग?”

“रोज वाटतं. पन सकाळी उठून इकडं यावंसं बी वाटतं.”

तिनं मान हलवली, जसं काही कळलं. मला ते उत्तर तेव्हा पटलं नाही, अजून पटलेलं नाही. कामावर यावंसं वाटतं म्हणून कोण कामाला जातं? काम असतं म्हणून जातात.

संध्याकाळी कप्तानानं मुलाच्या तोंडून निरोप धाडला. इथून पुढं होडीत चढताना-उतरताना मी मुलाचा हात धरायचा आणि तो सांगेल तेव्हाच उठायचं. नाहीतर बोटीवरच थांबायचं. मुलगा हे मान खाली घालून सांगत होता.

“थांबतो,” मी म्हणालो.

“आबा, अजून चांगली बेटं राहिल्यात.”

“थांबतो म्हनलं ना.”

आणि मी थांबलो. राहिलेली सगळी बेटं मी कठड्यापाशी खुर्ची टाकून लांबून बघितली. ह्याचा मला पस्तावा नाही. रोज सकाळी मुलगा होडी शिडीला लावायचा. एकेकाचं मनगट धरायचा, लाट खाली जाईपर्यंत थांबायचा, मग “आता” म्हणायचा आणि माणूस होडीत. पुण्याच्या बाई, म्हातारे गोरे पाहुणे, सगळे. माझी बायको सगळ्यात शेवटी. एकदा बुडालेली बाई, पण ती त्याचा हात धरून हसत उतरायची. त्याचं लक्ष पाण्यावर असायचं. घाई नाही, आवाज नाही. महिनाभर मार्केटमध्ये मी त्याला बघितलं होतं, तिथं तो सारखा घड्याळाकडं बघायचा. इथं त्याच्या हातात घड्याळच नव्हतं. मी हे बायकोला बोललो नाही. एक दिवस होडी परत यायला उशीर झाला, आभाळ भरून आलं, तेव्हा मी कप्तानाला तीनदा जाऊन विचारलं. तेही तिला बोललो नाही.

धक्क्यावर निरोप घेताना त्यानं पिशवीला हात लावला नाही. “पोचल्यावर फोन करा,” म्हणाला. आईला म्हणाला का मला, ते कळलं नाही.

घरी आल्यावर बायकोनं मुकादमाचं नावही काढलं नाही. मीही काढलं नाही. तो मात्र दोन वेळा येऊन गेला, मी झोपलोय असं सांगायला लावलं. मग एका सकाळी मी स्वतःच मार्केटला गेलो. गाळ्यापुढं बटाट्याचा ट्रक लागत होता. तो पाटणचा गडी हौद्यात, पाठीवर गोणी घेऊन तयार. गोणी टाकून परत फिरला तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं.

“मुकादमाला सांगतोय. जागा तुझी.”

तो एकदम खाली वाकला. मी मागं सरकलो.

“पाया पडू नको. माझ्या पोराला नको होती म्हनून तुला मिळाली.”

तो सरळ झाला. त्याला वाईट वाटलं असेल, पण त्यानं दाखवलं नाही. “बरं, तात्या,” म्हणाला, आणि हौद्यातून हाक आली तसा पळत गेला. मी ट्रक रिकामा होईपर्यंत तिथंच उभा होतो. येणारे-जाणारे गडी “बाजूला, तात्या” म्हणत होते आणि मी बाजूला होत होतो.