दादाने शेवटी ठेवलेलं आकाश

पाणी आत शिरू नये म्हणून बाबा होड्यांच्या फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकायचे. होड्या पाण्यात गेल्या की त्यांचं काम संपायचं, मग घरात दोन्ही वेळा पेज. दोघांना शिकवणं जमणार नव्हतं. दहावी झाल्यावर दादा आपणहून म्हणाला, "हिला शिकवा. मला चित्रं काढायला कॉलेज कशाला लागतंय?" म्हणून मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी आजही मान वर करून सांगते.

दादा कुवेतला आला तो मीना अल-अहमदी या तेलाच्या बंदराच्या धक्क्यावर, टँकरचे दोर बांधायला. पुढे बँकेतल्या नोकरीसाठी मीही कुवेतमधल्याच जाब्रिया भागात राहायला आले. एका टँकरच्या कप्तानाने दादाला कॅलेंडर दिलं होतं... रोमँटिक म्हणतात त्या काळातली युरोपातली निसर्गचित्रं. पेटलेलं आकाश, धुरातली जहाजं, गोदीतल्या भट्ट्या. दादा वेडाच झाला. धक्क्यावर फोटोला बंदी, म्हणून सगळं डोळ्यांत साठवून आणायचा आणि आठवड्याच्या सुट्टीला माझ्या हॉलमध्ये रंगवायचा. सुरुवात नेहमी आकाशापासून. मावळतीचा उजेड त्याला आवरायचाच नाही. मग खाली उरलेल्या पट्टीत दोर ओढणारी माणसं तिळाएवढी.

गेल्या वर्षी व्हिडिओ कॉलवर बाबांना असंच एक चित्र दाखवलं. ते फोन डोळ्यांजवळ नेऊन बघू लागले.

"झ्याक आहे. पण यात तू कुठे रे?"

दादाने एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

"एवढासा? मग तिकडे राबतंय कोण, आकाश?"

दादा हसला, पण ते चित्र त्याने भिंतीकडे तोंड करून ठेवलं. पुढच्या सुट्टीला मोठा कॅनव्हास आणला आणि पहिल्यांदाच खालून सुरुवात केली. कित्येक महिने चाललं ते. ताणलेले दंड, मानेला गुंडाळलेले ओले रुमाल, मागे टँकरची काळी भिंत. मधला माणूस तो स्वतः.

"आता आकाश घे की," मी म्हटलं.

"ते शेवटी. आवडीचं आहे, एका बैठकीत होईल." लहानपणी ताटातला माशाचा तुकडा असाच शेवटी ठेवायचा...

त्याच आठवड्यात त्याच्या खोलीतल्या मित्राचा फोन आला. ड्युटीवरून येऊन झोपलेला दादा उठलाच नव्हता.

नारिंगी रंगाची नवी नळी अजून फोडलेली नाही. दुसऱ्या कुणाला मी त्या कॅनव्हासला हात लावू देणार नाही. वरचा अर्धा भाग कोराच ठेवून चित्र हॉलमध्ये लावलंय. परवा बाबांना ते कॉलवर दाखवलं. या वेळी दादा कुठे आहे, हे त्यांना विचारावं लागलं नाही. दादा लांबूनही ओळखू येत होता.